साडूंना आवडलेला पास्ता

साहित्य : मैदा, अंडी, लालबुंद टोमॅटो, लसूण, बेझिलची ताजी पानं आणि एक साडू.

साडू दातांचे डॉक्टर आहेत. माझ्या हातचं खाऊन त्यांनी आजवर एकदाही 'छान' म्हटलेलं नाही. 'ठीक आहे' म्हणतात, तेही किडकी दाढ पाहिल्यासारखं! आज मात्र त्यांच्या तोंडून 'छान' काढायचंच. पाकिटातला पास्ता कुणीही उकळतो. मी घरी लाटणार!

कृती : पीठ मळा. मळलं. पातळ लाटा. लाटलं. लांब पट्ट्या कापून वाळत घाला.

कुठे?

आमच्याकडे वाळत घालायची जागा एकच, कपड्यांचा स्टँड. त्याच्या पुढच्या दांडीवर बायकोचं काहीतरी लोंबत होतं. ती शिवणकाम करते. आमच्या घरात कुठेही काहीही लोंबत असतं. मी मागच्या दांड्या भरल्या.

पाणी खळखळलं. चष्म्यावर वाफ धरली. तेवढ्यात बेल वाजली. साडू, वेळेआधीच! मी धावत स्टँडवरून हाताला लागलं ते ओढलं.

कृती (चालू) : पट्ट्या उकळा, टोमॅटोच्या रश्श्यात घोळवा, गरम वाढा.

वाढलं. साडू चावू लागले. चावतच राहिले. घास डाव्या गालातून उजव्या गालात गेला, परत आला. माझा जीव टांगणीला!

"छान!" साडू म्हणाले. "चांगलं चावावं लागतं! हल्ली लोक मऊमऊ खातात आणि माझ्याकडे येतात."

जिंकलो!

"अहो," आतून बायको ओरडली, "स्टँडवरची माझी फीत कुठाय?"

"कसली फीत?"

"खळ घालून वाळत टाकलेली! झग्याच्या घेराची! उद्या गिऱ्हाईक येणार आहे!"

मी चष्मा पुसला. स्टँडवर माझा पास्ता शांतपणे लोंबत होता.

साडूंनी तोंडातून एक टोक बाहेर काढलं. ओढलं. आणखी ओढलं. जादूगार रुमाल काढतो तसं!

बायकोने ताटल्यांतली फीत उचलून नळाखाली धरली. सायीच्या रंगाची फीत केशरी झाली होती. आता भांडी उडणार! पण तिने फोटो काढला, गिऱ्हाइकाला पाठवला.

"अय्या, हाच रंग हवा!" फोनमधून किंचाळी आली.

"मग रिळावरची उरलेलीही बुडवायला हवी," बायको म्हणाली. "दोन रंग कसे लावू?"

"कशात बुडवणार?"

"तुमच्या रश्श्यात."

"अगं, तो पास्त्यासाठी आहे!"

"फीत घोळवताना आठवलं नाही?"

अख्खं पातेलं गेलं. लसणासकट!

कृती (उरलीसुरली) : खरा पास्ता उकळा. मीठ घाला. बस्स.

साडूंनी घास घेतला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण मघाचा जास्त छान होता. दातांना जरा काम होतं!"