कमल बाजारात आहे

फणसवाडीतल्या दोन खोल्यांत रविवारी चार वाजता प्राची आईचा चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसली, तेव्हा तिला खरं तर फक्त झोप हवी होती.

"पाचच मिनिटं," अप्पा म्हणाले. "कमल म्हणून बस. फार बोलायचं नाहीये."

"अप्पा, सरळ सांगून टाका ना त्या स्पॅनिश बाईंना."

"कसं सांगणार? आम्ही अजून सातव्या पाठावर आहोत. तो शब्द पुस्तकातच नाही. शेवटच्या पानापर्यंत बघितलं मी."

मुलाकडे, विनीतकडे, माद्रिदला जायचं म्हणून अप्पा आणि कमल दोघांनी दादरच्या स्पॅनिश वर्गात नाव घातलं होतं. फेब्रुवारीत कमल गेली. घेतलेला वर्ग अर्ध्यावर सोडणं अप्पांच्या स्वभावात नव्हतं. सरावाला म्हणून वर्गाने प्रत्येकाला स्पेनमधलं एकेक निवृत्त माणूस गाठून दिलं. अप्पांच्या वाट्याला पिलारबाई आल्या. आणि पुस्तकातले धडे अप्पांनी पाठ केले होते ते लहानपणी अथर्वशीर्ष केलं तसे, घोकून. प्रश्न कानावर पडला की उत्तर बाहेर.

पिलारबाईंनी पहिल्याच रविवारी विचारलं, पत्नी कशा आहेत? अप्पा ताडकन म्हणाले, "मुय ब्येन, ग्रासियास." छान आहे, आभारी आहे. कुठे आहेत? "एन एल मेर्कादो." बाजारात. पुस्तकातली बायको बाजारात होती, त्याला अप्पा काय करणार?

दुसऱ्या रविवारीही कमल बाजारात. तिसऱ्या रविवारी पिलारबाई म्हणाल्या, येऊ देत, मी थांबते. चाळीस मिनिटं थांबल्या. चौथ्या रविवारी त्यांनी विचारलं, माझ्यावर रागावल्यात का?

"भुलेश्वरला महिनाभर भाजी घेत बसतं का कोणी?" प्राची म्हणाली.

"तुझी आई बसली असती. घासाघीस करत."

प्राची हसली नाही. बँकेत, गॅस एजन्सीत, दूधवाल्याला, "आई गेली" हे तिनेच सांगितलं होतं. अप्पांच्या तोंडून ते अजून एकदाही निघालं नव्हतं. आणि रविवारचा हा फोन तुटला, तर ते कुणाशीच बोलणार नव्हते. म्हणून ती बसली.

पिलारबाई पडद्यावर आल्या. सकाळी कपडे भिजवताना पाठ केलेलं प्राचीने स्पॅनिशमध्ये म्हणून टाकलं: नमस्कार, मी बरी आहे, टोमॅटो महाग आहेत.

पिलारबाईंनी हनुवटीवर हात ठेवून ऐकलं. मग सावकाश म्हणाल्या, "सु इखा आब्ला मुय ब्येन."

अप्पा खुर्चीतून उठलेच. "कळलं! प्राची, पुस्तकाबाहेरचं वाक्य कळलं मला! 'तुमची मुलगी छान बोलते!'"

मग ते हळूहळू खाली बसले.

"कमल फेब्रुवारीत गेली हो," ते मराठीतच म्हणाले.

पिलारबाईंना त्यातला एक शब्दही कळला नसावा. तरी बराच वेळ त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मग त्यांनी दुसऱ्या पाठातला प्रश्न विचारला. आणि मुलगी कशी आहे?

याचं उत्तर पुस्तकात छापलेलं होतं, अप्पांना ते झोपेतही आलं असतं. पण त्यांनी आधी प्राचीकडे बघितलं. नीट, कितीतरी दिवसांनी.

"कान्सादा," ते म्हणाले. दमलीय.