सोनटक्के सरांचं टोल्युइन

सोनटक्के सरांना "तब्येत कशी आहे?" विचारलं, की ते हातांचे पंजे उलटसुलट न्याहाळून सांगत, "स्वच्छ, रंगहीन, गाळ नाही."

चिक्कडपल्लीत ते माझे शेजारी आणि आमच्या औषध कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख. खरेदी माझ्याकडे. मी टोल्युइनची पिंपं आणायची आणि त्यांनी ती नापास करायची, असा आमचा घरोबा. टोल्युइन म्हणजे थिनरसारख्या वासाचं एक द्रावक. सरांच्या लेखी मात्र सद्गुणांचा पुतळा. "पाण्यात टाका, मुकाट वर तरंगतं. उणे नव्वदालाही गोठत नाही. आणि एकशे दहाच्या खाली उकळत नाही! माणसानं असं असावं." मालकांना ते खासगीत ईथर म्हणत. "पस्तिसालाच उकळतात हो!" माझ्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा पत्रिका राहू दे, मुलगा कितीला उकळतो ते बघ, असं त्यांनी बजावलं. मी हसलो. बहिणीनं मात्र खरंच चौकशी केली.

परवान्यांची कटकट नुकतीच सुटली होती आणि परदेशातून मागण्या धडाधड येत होत्या. त्या घाईत मी अफझलगंजच्या एका व्यापाऱ्याकडून पिंपं उचलली. सरांनी नमुना तापवला. ब्याण्णवालाच पहिला थेंब पडला. पुढच्या तपासणीत निघालं, निम्मं बेंझिन, म्हणजे दिसायला तसंच पण भलतंच द्रावक.

मालक धावत आले. "सोनटक्केसाब, माल तो बराबर बनता ना? पास करो. नै तो कल से आना नक्को."

"नक्को तर नक्को," सर नेहमीच्याच आवाजात म्हणाले. "सही मिळणार नाही."

निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. मला त्यांचा रागच आला. मालक गेल्यावर मी म्हणालो, "सर, औषध शेवटी वाळवतातच की, बेंझिन उडूनच जातं. मग अडतंय कुठं?"

"पिंपं ओतायला यल्लम्मा असते. दिवसभर तेच हुंगते ती." त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या नोकरीत आम्ही बेंझिननं हात धुवायचो. कुणी सांगितलंच नव्हतं. माझा धाकटा भाऊ शेजारच्याच टेबलावर होता. त्याचं रक्तच बनेनासं झालं. बाविसाव्या वर्षी गेला." मग अगदी हळू म्हणाले, "त्याला तिथं चिकटवलं मीच."

माल परत पाठवायचा कागद टेबलावर होता. त्यावर त्यांच्या एकट्याचीच सही होती. मी शेजारी माझी केली.