गौरीची पावलं

"पाय कापायचेत," रावजी हळूच म्हणाले.

भद्रकालीच्या बाजारातल्या हत्यारांच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. गल्ल्यावरच्या गोरक्षनं मान वर केली. समोर खादीचा सदरा, जाड भिंगांचा चष्मा आणि हातात कापडी पिशवी घेतलेला एक सत्तरीचा, गरीब चेहऱ्याचा माणूस उभा होता.

"कोणाचे?"

"गौरीचे."

खिळे मोजून घेणाऱ्या एका बाईनं आपली पिशवी जवळ ओढली. काय घोटाळा झाला ते रावजींच्या लक्षात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे पितळेच्या पत्र्यात. रांगोळीचा छाप. गौरी-गणपतीची पावलं."

"मग आधी असं सांगा ना काका! मी म्हटलं, माणूस तर सज्जन दिसतोय." गोरक्षनं हसत हसत तीन करवती काउंटरवर मांडल्या. "हा हॅक्सॉ. सरळ जातो, पण वळत नाही. ही सुताराची, पत्र्यावर घातली तर दात पडतील. आणि ही सोनाराची. हिला कुठंबी वळवा."

सोनाराची करवत म्हणजे घोड्याच्या नालेसारखी एक लोखंडी चौकट आणि तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेलं केसासारखं पातं. रावजींना ती पाहताक्षणी आवडली. इतकी नाजूक वस्तू आपल्यालाच जमेल, असं त्यांना उगाच वाटलं.

"पातं मोडतं का हो?"

"मोडणारच की! म्हणून तर डझनानं विकतो."

रावजींनी जन्मभर वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालण्यापलीकडे हातानं काही केलं नव्हतं. घरात खिळा ठोकायचा तर वत्सलाबाई ठोकत आणि रावजी खिळ्यांची डबी धरून उभे राहत. पण यंदा वत्सलाबाईंचा अंगठा धरला होता. दरवर्षी त्या तांदळाच्या पिठात मूठ बुडवून दारापासून मखरापर्यंत गौरीची पावलं काढत. यंदा मूठच वळेना. शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, "अहो, स्टिकर मिळतात की! चिकटवली की झालं."

"माझी गौर स्टिकरवरून यायची नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासा कापला. तो ऐकून रावजींच्या तोंडून निघून गेलं, "मी पितळेचा छाप करतो."

सूनबाई हर्षालीच्या हातातला कप बशीवर वाजला. वत्सलाबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "करा," एवढंच म्हणाल्या. रावजी तेव्हापासून नीट झोपले नव्हते.

पहिल्या पात्याचे दात उलटे बसले. दुसरं घाईनं मोडलं, तिसरं पुस्तकात बघून जपून चालवताना मोडलं. पुढची पाती तर नुसती अतिशय जपल्यामुळेच मोडली. शिवाय पावलाचं प्रत्येक बोट म्हणजे वेगळं भोक. आधी ड्रिलनं छिद्र पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवून त्या छिद्रातून ओवायचं, पुन्हा चौकटीत कसायचं आणि मग गोल कापायचं. तरी तळवा झाला. तो अगदी खराखुरा तळवा दिसत होता. रावजी तो उशाशी घेऊन झोपले.

गौरी यायच्या दिवशी बोटंच तेवढी राहिली होती. घरात मात्र त्यांना जागा उरली नव्हती. डायनिंग टेबलावर करंज्या, खिडकीत फुलं, ओट्यावर पुरण. "तुमचं ते करकर घेऊन कुठंतरी लांब बसा," वत्सलाबाईंनी हुकूम सोडला. लांब म्हणजे दारापर्यंतच जाता येत होतं. दाराला बाहेरून दोन फळ्यांचं लोखंडी जाळीचं दार होतं. दोन फळ्या जिथं मिळतात तिथं, मधल्या दोन गजांवर, रावजींनी पत्रा सुतळीनं घट्ट बांधला. उजेड छान होता आणि पत्रा हलत नव्हता. बोटं भराभर होत गेली. एकदा बायकांना बाहेर जाऊ द्यायला पत्रा सोडून, जरा खाली सरकवून नव्यानं बांधावा लागला. बांधून झाल्यावर रावजींनी मोजलं, चार. आता एकच.

बायका गौरींचे मुखवटे घेऊन खाली तुळशीपाशी गेल्या होत्या. रावजींनी शेवटचं छिद्र पाडलं, डझनातलं शेवटचं पातं ओवलं आणि आता काही झालं तरी सुटता कामा नये म्हणून स्क्रू पकडीनं गच्च आवळला.

जिन्यात घंटा वाजली. पुढे वत्सलाबाई, मागे हर्षाली, दोघींच्या हातांत सुपात गौरी. त्यांच्या मागे मंगलाबाई आणि मजल्यावरच्या सगळ्या बायका.

"अहो, दार उघडा."

रावजींनी कडी काढली. दार तसूभर हललं आणि थांबलं. तेव्हा त्यांना दिसलं. करवतीचा एक हात घरात होता, एक बाहेर, पाठ डाव्या गजाच्या पलीकडून आणि पातं उजव्या गजाच्या पलीकडून गेलं होतं. दोन्ही फळ्यांचे गज तिनं कवेत घेतले होते. पत्र्याची सुतळी कापता आली असती, पण करवतीचं कुलूप झालं होतं.

"काय झालं?"

"ते जरा... अडकलंय."

"काय अडकलंय?"

"दार."

मंगलाबाई पुढे झाल्या. त्यांनी करवत पाहिली, पत्रा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "भाऊजी, आजच?"

आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी वाल्मीकराव वरून आले. त्यांनी स्क्रू फिरवायला घेतला, तर त्याची फिरवायची पाकळीच तुटून हातात आली. "काका, हा तुम्ही आवळलाय का वेल्डिंग केलंय? थांबा, ग्राइंडर आणतो. दारच कापू."

"दार कापायचं? सणासुदीला?" वत्सलाबाई कडाडल्या.

"मग माझ्या गॅलरीतून द्या," मंगलाबाई म्हणाल्या. "गॅलरीला गॅलरी लागूनच आहे."

"माझी गौर चोरासारखी गॅलरीतून यायची नाही!"

"पातं मोडलं तर..." रावजी म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले की त्यांचं त्यांनाच नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा ते बोललेच नाहीत. पातं मोडलं तर दार उघडेल हे खरं, पण मग शेवटचं बोट राहील. आज दुकान बंद, आणि पावलांशिवाय गौर आत कशी येणार? जन्मात एकदा दिलेला शब्द एका बोटासाठी मोडायचा?

बाहेर सगळे एकदम बोलत होते. रावजींनी मूठ धरली आणि हळूच सुरुवात केली. कर्र. कर्र.

"बाबा!" हर्षाली ओरडली. "तुम्ही कापताय?"

रावजींनी मान खाली घातली. "एकच बोट राहिलंय."

वत्सलाबाईंनी जाळीतून पाहिलं. पत्र्यातल्या तळव्याच्या कडा उन्हात चमकत होत्या. त्यांनी हातातलं सूप सावरलं आणि वाल्मीकरावांकडे वळून म्हणाल्या, "मुहूर्त कधीपर्यंत आहे?"

"आहे अजून बराच."

"मग होऊ द्या. चार बोटांच्या पावलानं आणू का मी गौर? म्हणा गं गाणं कुणीतरी."

बायकांनी गाणं धरलं. रावजींना त्यात ठेका सापडला. आयुष्यात प्रथमच त्यांचं कापणं इतकं सुरेख चाललं होतं. तिसऱ्या कडव्याला पितळेची एक टिकली फरशीवर टिंगकन पडली. बाहेर टाळ्या झाल्या.

"आता पातं मोडतो," रावजी मोठ्यानं म्हणाले. त्यांनी पातं वाकवलं. ते वाकलं. पिरगळलं, तर पिरगळून परत सरळ झालं. बोटानं ओढलं तर तारेसारखं वाजलं. अकरा भावंडं मरून गेली होती, हे एकटं काही जायला तयार नव्हतं.

"अहो, रोज कसं मोडता?" वत्सलाबाईंनी विचारलं.

रावजींनी विचार केला. मग श्वास रोखून, पात्याला जराही इजा होऊ नये अशा काळजीनं, करवत अलगद पुढे सरकवली.

टक्क.

करवत सुटली. रावजींनी घाईघाईनं सुतळी कापून पत्रा पाटावर ठेवला, दार उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आतून विचारायला घरात दुसरं कुणीच नाही. त्यांनी घसा खाकरला. "कोण आलं?"

"गौर आली!"

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी!"

"पितळेच्या," रावजी सवयीनं पुटपुटले.

हर्षालीनं आपलं सूप मंगलाबाईंच्या हाती दिलं, उंबऱ्याशी छाप ठेवला, वरून रांगोळी पसरली आणि हलकेच उचलला. पांढरंशुभ्र पाऊल उमटलं. सगळ्याजणी वाकून पाहू लागल्या. मंगलाबाईंचे ओठ हलत होते.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे सहा कसे?"

रावजींनी पत्रा उजेडात धरला. सहा. पत्रा सरकवून बांधला तेव्हा एक बोट सुतळीच्या वेढ्याखाली झाकलं गेलं होतं. म्हणजे बायका तुळशीपाशी होत्या तेव्हाच पाऊल पुरं झालं होतं. म्हणजे गौरींना जिन्यात उभं केलं होतं ते...

त्यांनी भीत भीत बायकोकडे पाहिलं. वत्सलाबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग गाल थरथरले आणि मग हातातली गौर हलेपर्यंत त्या हसल्या. "सहा बोटांचा माणूस नशीबवान असतो म्हणतात," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मग देवीला काय कमी? हर्षाली, मखरापर्यंत काढ. सगळी सहाचीच."

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका मखर बघायच्या आधी वाकून पावलंच मोजत होत्या. संध्याकाळी बेल वाजली. मंगलाबाई नवा पितळेचा पत्रा घेऊन उभ्या होत्या.

"भाऊजी, पुढच्या वर्षी मलाही एक करून द्या," त्या म्हणाल्या. "पण सहाच हं. पाचाची काय, स्टिकरंसुद्धा मिळतात."