अण्णांची बाराची ड्यूटी

आमचे घरमालक, फौजेतले निवृत्त हवालदार अण्णा, रोज भर दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरातल्या फरशीला दरडावतात. काठी आपटून, छाती काढून, "थम! कौन आता है?" मग थोडा वेळ कान देतात, "न्हाई. जा," म्हणतात आणि हात धुऊन जेवायला बसतात.

साताऱ्याकडच्या औंधला बदली झाली आणि मी त्यांच्या माडीवर राहायला आलो. पहिल्याच दुपारी ही आरोळी ऐकून मला वाटलं, आपल्यालाच हटकलं. जिन्यातूनच मी नाव, गाव आणि बँकेतला हुद्दा सांगून टाकला. खालून उत्तर आलं, "तुमी न्हवं साहेब. ह्यो दुसरा."

दुसरा म्हणजे हंडा. मोहरांचा, पुरलेला. असे हंडे जमिनीखालून हिंडतात, साखळी ओढल्यासारखा आवाज करतात आणि एखाद्या घराखाली थांबून "येऊ का?" असं विचारतात, हे सांगलीत लहानपणी मीही ऐकलं होतं. पण घड्याळ लावून येणारा हंडा मला नवीन होता.

अण्णांच्या लेखी पैशाच्या दोन जाती. "वरचा पैसा मुका, खालचा बोलका." पेन्शन घ्यायला आमच्या शाखेत आले की प्रत्येक नोट कानाला लावायची, "मुकी हाय, चालंल," म्हणायचं आणि खिशात घालायची. आमच्या कॅशियरबाईंना वाटायचं, हे नोटा खोट्या आहेत का बघतात. त्या दिवसभर फुरंगटून बसायच्या. रांग मोठी असली तर अण्णा सरळ पुढे घुसायचे. "सरा, बाराची ड्यूटी हाय."

एकदा मी म्हटलं, "अण्णा, मुका पैसाच बरा की, ताप नाही डोक्याला."

"आवं, तुमचा पैसा न इचारता येतो, न इचारता जातो. त्याला रीतभात हाय का? खालचा थांबून इचारतो. पर फुकट येत न्हाई त्यो."

सोनं तर त्यांनी घरात येऊच दिलं नाही. सोनं जमिनीतलं, ते खालच्याला वाट दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. काकू होत्या तोवर त्यांनी पितळी वाट्यांचं मंगळसूत्र घातलं. गाव अण्णांना 'हंड्यावरचा नाग' म्हणतं. म्हातारा धनावर बसलाय आणि बायकोला गुंजभर सोनं दिलं नाही, असा गावाचा हिशोब.

मीही हसायचो. मग एका सुट्टीच्या दुपारी त्यांच्या पंक्तीला जेवायला बसलो, आणि माझ्या ताटातली आमटीची वाटी आपोआप बोटभर सरकली. "कोयनेला धक्का बसला असेल," मी म्हणालो. आमच्या भागात काहीही हललं की कोयनेवर ढकलायची सोय आहे.

अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "भूकंप रोज बाराला येतोय व्हय?"

मे महिना होता, आणि पायाखालची फरशी रांजणासारखी गार होती. मी पाय वर घेतले.

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. "खालच्यांच्यात माणूस देऊन पैका मिळतो. घरातला थोरला पोरगा दिला की हंडा वर. आन त्यानं इचारल्यावर गप बसलं की त्यो होकार धरतो." अण्णांचा थोरला भाऊ तसाच गेला. आई विहिरीवर, वडील रानात, घरात उत्तर द्यायला कुणी नाही. सांजेला पोराला ताप भरला. पहाटे तो गेला, आणि चुलीपाशी भुई उकलून हंड्याचं तोंड वर आलं.

"आईनं हात लावला न्हाई. पोराच्या बदल्यातलं नगं म्हणाली, आन शेणानं लिपून टाकलं. तवापास्नं घरातलं कुणीतरी त्याला न्हाई म्हणतंय. आदी आई. मी फौजेत असताना आमची मंडळी. तिनं लाडावून ठेवला त्याला. 'आज न्हाई रं बाबा' म्हणायची. म्हणून मला दरडावाय लागतंय."

"मग आता घरातला थोरला पोरगा कोण?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं. त्यांचा एकुलता एक महेश. पुण्याला इंजिनियर.

महेशचं लग्न सांगलीला झालं, मुहूर्त दुपारचा. हळदीला नाचून अण्णा पहाटेच्या एसटीनं औंधला परतले. अक्षता पडल्या तेव्हा बाप मांडवात नव्हता. तेव्हापासून महेशचा फोन येत नाही. बापाला आपल्यापेक्षा हंडा प्यारा, असं त्यालाही वाटतं.

"सांगून टाका की त्याला खरं काय ते," मी म्हणालो.

"नगं. भ्यायचं पोरगं. ल्हानपणी परसाकडं जाताना माझं बोट सोडायचं न्हाई." चाळिशीतल्या इंजिनियराबद्दल ते बोलत होते, आणि मला अजिबात हसू आलं नाही.

पंधरवड्यापूर्वी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. साताऱ्याला न्यायला गाडी दारात उभी, आणि हे चढेनात. माझं मनगट धरून म्हणाले, "साहेब, बाराला बसाल?" झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारा मी, हो म्हणालो. महेशला फोन केला. "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो," म्हणाला. त्याचं नंतर काही उगवलं नाही.

मी रजा टाकली. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं.

पहिल्या दुपारी खालून साखळी ओढत आली आणि बरोबर माझ्याखाली थांबली. "येऊ का?" आवाज बाईचा नव्हता आणि बाप्याचाही नव्हता. थम वगैरे मला जमलं नाही. "नाही," एवढंच म्हणालो, तेही किरट्या आवाजात. साखळी गेली. पुढचे काही दिवस असंच चाललं. भीती गेली नाही, पण तिची सवय झाली.

मग एके दिवशी मी नाही म्हणालो, तरी साखळी हलेना. बाहेर एक कुत्रंही भुंकत नव्हतं. उठावं म्हणून मी भिंतीला हात टेकला, तेवढ्यात खालून पुन्हा आवाज आला. या वेळी फार हळू.

"अण्णा कुठं गेल्यात?"

मला भडभडून आलं. इतक्या दिवसांत गावातल्या एकानंही हे विचारलं नव्हतं, आमच्या शाखेत नाही, पुण्याहून नाही. मी त्या गार फरशीवर तळवा ठेवला. "साताऱ्याला आहेत, दवाखान्यात," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणतात, घरी सोडतील."

खाली काहीतरी जड हळूच टेकलं. त्या दुपारी ते परत गेलं नाही. मीही मग उठलो नाही.