जुन्या ताईची सुट्टी

आमच्या मुलींच्या वसतिगृहाचा पहिला नियम असा आहे : पालक स्वतः न्यायला आल्याशिवाय कोणत्याही विद्यार्थिनीस फाटकाबाहेर सोडले जाणार नाही. ‘कोणत्याही’मध्ये मयत विद्यार्थिनी धरायच्या की नाही, हा प्रश्न आजवर उपस्थित झाला नव्हता. तो मी केला. मला इथे सगळ्या भोंगा म्हणतात, ते काही उगाच नाही.

आमच्या खोलीत आम्ही तीन जिवंत मुली आणि चौथी जुनी ताई. जुनी ताई म्हणजे भूत. फार वर्षांपूर्वी, सुट्टी लागली त्या दिवशी तिचे बाबा तिला न्यायला निघाले आणि वाटेतच गेले. इकडे ही तापाने गेली. दोघांनी आयुष्यात विनापरवानगी केलेली ही एकमेव गोष्ट. तेव्हापासून ताई भरलेल्या ट्रंकेवर बसून आहे. ती भिंतीतून आरपार जाते, पण आधी टकटक करून “येऊ का गं?” विचारते. आम्ही कपडे बदलत असलो तर भिंतीतच थांबते. इतकं गुणी भूत, की रेक्टरबाई आम्हाला उठता-बसता सुनावतात, “शिका जरा तिच्याकडून! इतकी वर्षं झाली, एकदा तरी उशिरा आली का?”

बाबाही तसेच. दर रविवारी भेटीच्या वेळेत फाटकापाशी हजर. बाहेर बाबा, आत ताई, मध्ये वॉचमनकाका.

“आणलात का?” काका विचारतात.

“नाही हो,” बाबा ओशाळून म्हणतात.

आणायचा असतो हयातीचा दाखला. पालक जिवंत असल्याची खात्री पटल्याशिवाय मुलगी हवाली कशी करायची, हे काकांचं म्हणणं तसं रास्तच आहे. मग बापलेक लांबूनच एकमेकांकडे बघतात, वेळ संपल्याची घंटा होते आणि बाबा जातात.

चाललं होतं ते चालूच राहिलं असतं. पण हल्ली बाबा फिकट पडायला लागले. आधी चपला दिसेनाशा झाल्या, मग गुडघे. फार वाट बघितली की भुतं विरतात म्हणे. “पुढच्या रविवारी दिसतील ना गं?” ताईने मला विचारलं. बाबा विरले तर हिला न्यायला कोण येणार? ही बिचारी जन्मभर ट्रंकेवर बसून राहणार. जन्मभर म्हणजे काय, ते तुम्हाला कळलंच.

मी तडक रेक्टरबाईंकडे गेले.

“बाई, ताईचे बाबा वारलेत. ते हयातीचा दाखला कुठून आणणार?”

“वारले असतील तर तसं त्यांनी स्वतः येऊन कळवावं.”

“कळवलंय की! दर रविवारी येऊन कळवतात.”

“दर रविवारी स्वतः येतात ना?” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “मग चांगले हयात आहेत. दाखला आणायला काय धाड भरलीये?”



रविवार उजाडला. बाबा आले, पण फक्त छातीपासून वर. ताई ट्रंक घेऊन फाटकाच्या आत उभी. आता इथे एक बारीकसा तपशील सांगायचा राहिला. आमच्या वसतिगृहाला कुंपणाची भिंत नाही. मागे एका वादळात ती पडली, विटा ज्याला हव्या त्याने नेल्या. फाटक तेवढं उभं आहे. दोन्ही बाजूंना मोकळं मैदान, शेळ्या खुशाल ये-जा करतात.

“अगं ताई, बाजूने जा ना!” मी ओरडले.

ताई दचकली. “बाजूने? लोक काय म्हणतील?”

“आमच्या घरात असलं कोणी केलेलं नाही!” बाहेरून बाबांनी ठणकावलं.

“बाजूने जायचं तर बाजूचा पास लागतो,” वॉचमनकाका म्हणाले.

“कुठे मिळतो?”

“तो अजून सुरू झालेला नाही.”

तेवढ्यात बाबांची हनुवटी गेली. माझं डोकंच फिरलं. भुताला धरून ओढता येत नाही, पण ट्रंकेला येतं. मी ट्रंक हिसकावली आणि फाटकाला वळसा घालून सुसाट पळाले.

“माझी ट्रंक!” म्हणत ताई माझ्यामागे धावली.

“अगं हळू, पडशील!” बाबा म्हणाले, आणि लेक त्यांच्या अंगावर जाऊन आदळली. बघता बघता बाबांची हनुवटी परत आली, गुडघे आले, चपलासुद्धा आल्या. ताई खो-खो हसत सुटली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. हातात हात घालून दोघं रस्त्याने गेली, ट्रंक माझ्याकडेच विसरून. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी तिथल्या तिथे उड्या मारल्या.

तिसऱ्या उडीला लक्षात आलं की आपण फाटकाबाहेर आहोत. तेही विनापरवानगी! उजवीकडे मोकळं मैदान होतं. एक शेळी माझ्याकडे बघत बघत आत गेली. मी ट्रंक उचलली आणि फाटकासमोर भेटीला आलेल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

“पालक कुठायत?” काकांनी विचारलं.

हसताय? हसा, हसा. पण मी जराशी मैदानाकडे सरकले, तेव्हा “ओ बाई, रांग मोडू नका” म्हणून मागून खेकसलात ते तुम्हीच ना?