ताटावरून उठणारे हीरो

सिनेमा चांगला की वाईट, हे सदूभाऊ एकाच गोष्टीवरून ठरवतात. त्यात जेवायला बसलेला माणूस पुरतं जेवून उठतो की नाही?

हसू नका. आधी मीही हसलो होतो. बदली होऊन रत्नागिरीत आलो, तेव्हापासून माझं दुपारचं जेवण एसटी स्टँडमागच्या त्यांच्या खानावळीत असतं. भिंतीवर टीव्ही, त्यावर दिवसभर सिनेमा आणि समोर भाताचं पातेलं घेऊन उभे सदूभाऊ. मंगळवारी खानावळ बंद, त्या दिवशी ते थेटरात. मराठी, हिंदी, इंग्रजी, दक्षिणेकडचे डब केलेले, काही म्हणजे काही वर्ज्य नाही. मी पडलो सिनेमाचा शौकीन. पहिल्याच आठवड्यात वाटलं, चला, बोलायला माणूस मिळाला. कसलं काय!

मारामारीचा एक सिनेमा गावभर गाजत होता. पोरं पुन्हा पुन्हा बघून येत होती. सदूभाऊंचा निकाल, "भिकार." का, तर हीरो पहिला घास घेतो, तोच फोन वाजतो आणि तो ताट सारून निघतो. "आईने सुरमईची तुकडी वाढलेली ओ. दुश्मन काय पळून चाललेला?" प्रेमाच्या सिनेमांवर तर त्यांचा फारच राग. नायिकेचा बाप जेवताना लग्नाचा विषय काढतो, पोरगी रडत आत पळते, मागे ताट तसंच. गाणी कशी आहेत, पोरीने काम कसं केलंय, ते राहिलं बाजूला. ही काय वेळ झाली बोलायची, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि तेही इतक्या घुश्शात, की समोरचं गिऱ्हाईक बिचारं आपलंच काही चुकलं असं समजून खाली मान घालून जेवायला लागायचं.

भुताचा एक सिनेमा मात्र त्यांना मनापासून आवडला होता. घरातल्यांची जेवणं उरकेपर्यंत भूत माळ्यावर गप्प बसून राहतं. शिस्तीचं भूत आहे, म्हणाले. उलट, एका इंग्रजी युद्धपटात सैनिकाने डबा उघडला आणि बॉम्ब पडला, तेव्हा हे सरळ उठून थेटराबाहेर. मीही मुकाट्याने मागोमाग. तिकिटं मी काढली होती, पण सांगतो कोणाला?

मग मी हट्टाला पेटलो. आमच्या फिल्म क्लबात एक गंभीर सिनेमा होता, तिथे त्यांना घेऊन गेलो. पडद्यावर एक म्हातारा एकटाच भाकरी खातोय, खातोय, खातोय. अर्धं सभागृह पेंगलं. मलाही डुलकी लागली, खोटं कशाला बोलू? जागा झालो तर शेजारी सदूभाऊ डोळे पुसत होते.

"सगळी खाल्लीन," ते म्हणाले. "बघितलंत ना?"

खानावळवाल्याला ताटच दिसणार, असा मी आपला अर्थ लावला. एकदा चेष्टेत म्हटलं, तुम्ही हीरो झालात तर सिनेमाभर जेवतच बसाल. ते हसले नाहीत. पातेलं घेऊन आत निघून गेले.

सदूभाऊंच्या पत्नी, आम्हा गिऱ्हाइकांच्या वहिनी, कोलंबी सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनीच मग सांगितलं. सदूभाऊंचा धाकटा भाऊ रमाकांत. मुंबईतली त्याची कंपनी बंद पडली, तेव्हा बायकोला घेऊन गावी आला. नोकरी मिळेना. एक दिवस खानावळीत जेवायला बसला आणि कालवणात मीठ कमी आहे म्हणाला. गर्दीची वेळ, सदूभाऊंचं डोकं तापलेलं. ते चारचौघांत बोलून गेले, की बसून खाणाऱ्याला चव बरी कळते. रमाकांत भरल्या ताटावरून उठला. पुढे लोट्याला केमिकलच्या कारखान्यात लागला, तिथेच घर बांधलं. लग्नकार्यात भेटतो, बोलतो, पण या घरात पाणीसुद्धा घेत नाही. "लोटे काय लांब आहे?" वहिनी म्हणाल्या. "सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला येतो."

त्यानंतर सदूभाऊंशी सिनेमावरून मी कधी वाद घातला नाही.

गेल्या महिन्यात रमाकांत आला. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. गिऱ्हाइकं पांगली होती, मी एकटाच शेवटचा भात कालवत होतो. त्याने अक्षता दिल्या, दोघांनी यायचं म्हणाला आणि चपला घालायला वळला. सदूभाऊ भिंतीला टेकून उभे. मला वाटलं, गेला हा आता, परत काही यायचा नाही.

वहिनींनी कोणाला विचारलंच नाही. ताट वाढून आणलं आणि टेबलावर ठेवलं. "माझ्या दारातनं पत्रिका देणारा उपाशी जाणार नाही, भावजी," एवढंच म्हणाल्या.

रमाकांत ताटाकडे बघत राहिला. मग बसला.

सदूभाऊंनी टीव्ही बंद केला. खानावळीत एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. रमाकांतने कालवून एक घास घेतला आणि थांबला.

"मीठ कमी असलं तर सांग रे," सदूभाऊ म्हणाले.

रमाकांतने वर बघितलं नाही. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. बऱ्याच वेळाने ताट थोडं पुढे सरकवून म्हणाला, "बरोबर आहे, दादा. वायच भात वाढ."

सदूभाऊंना काही वाढता येईना. शेवटी पातेलं वहिनींनी घेतलं. ते भावासमोरच्या बाकावर बसले आणि त्याने जेवून हात धुवेपर्यंत तिथून हलले नाहीत.