सोनवणे सरांची ढकलाढकली

जळगावच्या कॉलेजात रुजू झालो त्याच दिवशी पदार्थविज्ञानाच्या सोनवणे सरांनी मला व्हरांड्यात मागून ढकललं. पडता पडता वाचलो. वळून बघतो तर पन्नाशीचे, जाड चष्म्याचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माफ करा. गर्दीत रेटा बसल्यावर तुम्ही कुठल्या बाजूला सरकता, ते बघायचं होतं." मी मराठी शिकवतो, असलं स्वागत माझ्या वाचनातसुद्धा आलं नव्हतं.

तास सुटला की सर स्टुलावर उभे राहून मुलांचे लोंढे बघत. "ढकला, आपोआप वेगळे होतात," हे त्यांचं पालुपद. एकदा त्यांनी प्राचार्यांना उलट्या बाजूनं पुन्हा चालत यायला सांगितलं. कहर म्हणजे प्राचार्य आले!

कॉलेजला नुकताच कॉम्प्युटर मिळाला होता. चपला बाहेर काढून मी आत गेलो, तर पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची झुंबड. सर म्हणाले, हे पाण्यातले बारीक कण, ही अरुंद नळी. खरं काही नाही, सगळी आकडेमोड. रेटा दिला की चपळ कण पुढे निसटतात, सावकाश असतात ते मागे राहतात. दोन ठिपके मात्र जरा ठळक होते. ते कोणते, मी विचारलं.

"ही अक्का. हा मी."

मी चाटच पडलो. या माणसाला बहीण आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं होतं. आता तिचे गुडघे गेलेले. पारोळ्याच्या यात्रेत, देवळाच्या बोळात दोघांची चुकामूक झाली. संध्याकाळी ती एका बांगडीवाल्याच्या दुकानात रडताना सापडली. दर्शनाची आस आहे, पण तेव्हापासून घराचा उंबरा ओलांडत नाही.

"ठिपके कुठूनही सोडून बघतो," सर म्हणाले, "मी पुढे जातोच. ती सुटतेच."

"मग दोघांना बांधून टाका की," मी आपलं सहज म्हणालो.

सर माझ्याकडे बघतच राहिले. "मग माझा वेग तिच्याएवढाच होईल," ते पुटपुटले.

पुढच्या यात्रेला मी मुद्दाम पारोळ्याला गेलो, आणि बोळाच्या तोंडाशीच थिजलो. सरांच्या उपरण्याला अक्कांच्या पदराची गाठ! नवरानवरीसारखी. आयाबाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. गर्दी दोन्ही अंगांनी पुढे चालली होती आणि हे दोघे मुंगीच्या पावलानं देवळाकडे.

"लोके हासतस रे भाऊ, सोड गाठ," अक्का आपल्या अहिराणीत कळवळून म्हणाल्या.

सरांनी गाठ आणखी घट्ट केली.

"हासू दे त्यास्ले, अक्का. तुना बिगर माले कोठे जानं शे?"